डावखुरी रायफल

सहाव्या मॅगझिनमधून एकोणीस गोळ्या निघाल्या.

वीस हव्या होत्या. आधीच्या पाच मॅगझिनमधून वीस-वीसच निघाल्या होत्या आणि ट्रेमध्ये ओळीने उभ्या होत्या. मी सहावी मॅगझिन उलटी करून तळहातावर आपटली. आतली स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली. मग मॅगझिन आणलेली पत्र्याची पेटी पालथी केली. माझा मदतनीस वानखडे टेबलाखाली वाकून शोधू लागला.

"उस्ताद, रस्त्यानं पडली असंन कुठी," तो खालूनच म्हणाला.

मॅगझिनमधली गोळी अशी वाटेत पडत नाही. ती दोनच ठिकाणी जाते. कुणी अंगठ्याने सरकवून काढली तर खिशात, नाही तर बंदुकीच्या आत. आणि बंदुका त्या वेळी खिडकीतून मला समोर दिसत होत्या. दसऱ्याची सकाळ होती. मैदानाच्या पलीकडे, साठ-सत्तर पावलांवर, शस्त्रपूजेचा मांडव होता आणि त्यात जवानांच्या घरची माणसं दर्शनाला रांगेने उभी होती. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात ताट. तीस वर्षांच्या नोकरीत मी बंदुकीला कधी भ्यालो नव्हतो. त्या दिवशी भ्यालो.

मी आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा. आमच्याकडे शस्त्रागाराला कोत म्हणतात. कोताची किल्ली माझ्या कमरेला असायची आणि तुकडीतले सगळे, माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचेसुद्धा, मला उस्ताद म्हणायचे. नोकरीची शेवटची वर्षं मी वाशिम जिल्ह्यात एका सशस्त्र तुकडीत काढली. तुकडीचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत तुकडीचा दोष नाही.

त्या वर्षी आम्हाला सहा बुलपप रायफली मिळाल्या होत्या. बुलपप म्हणजे काय ते आधी सांगतो, नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

साध्या रायफलचा खटका मध्यावर असतो. खटक्याच्या पुढे मॅगझिन, त्याच्या वर चेंबर, म्हणजे गोळी जिथे बसून सुटते ती जागा. खटक्याच्या मागे असतो नुसता दस्ता, खांद्याला टेकवायला. बुलपपमध्ये मॅगझिन आणि चेंबर उचलून त्या मागच्या दस्त्यात बसवलेलं असतं. ऑटोरिक्षाचं पाहा. इंजिन पुढे नाही, मागे, सवारीच्या बुडाखाली. म्हणून ऑटो आखूड आणि म्हणून गल्लीत जागच्या जागी वळतो. बुलपपचंही तेच. नळी लांब रायफलएवढीच, त्यामुळे गोळीचा वेग आणि पल्ला कमी होत नाही. पण सगळी बंदूक मोजली तर चांगली दीड वीत आखूड भरते.

याचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळला. जुनी रायफल घेऊन जीपमध्ये मागे बसायचं म्हणजे नळी एक तर टपाला लागायची, नाही तर शेजाऱ्याच्या कानाला. जिन्यावर वळताना आधी नळी वळायची, मग माणूस. नवी बंदूक मांडीवर आडवी ठेवली की दार उघडून उतरता येत होतं. एका हाताने धरली तरी तोल जात नव्हता, कारण वजन सगळं मागे, खांद्यापाशी. पोरं तिच्यावर फिदा झाली. फोटो काढून झाले, घरी पाठवून झाले.

तोटेही होते आणि ते मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना उभं करून सांगितले. खटका पुढे आणि मशीन मागे, मध्ये लांब पट्टी, म्हणून खटका जड आणि गचाळ लागतो. कुठवर आला, कधी सुटेल, बोटाला नीट कळत नाही. मॅगझिन काखेखाली येते, ती बदलताना खाली पाहावं लागतं. आवाज कानाजवळ होतो. बंदूक आखूड असल्यामुळे मनगट जरा वळलं की नळी माणसावर जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुंगळी, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारं रिकामं पितळ, ज्या फटीतून बाहेर फेकली जाते ती फट गालाजवळ येते. बंदूक उजव्या खांद्याला असेल तर पुंगळी उजवीकडे मोकळ्यात जाते. डाव्या खांद्याला लावली तर ती तोंडावर येते.

आणि त्या सहा रायफली ज्यांना दिल्या, त्या सहा जणांत एक डावखुरा होता.

दीपक त्याचं नाव. इंझोरीचा, घरी भाजीपाल्याची शेती. सात-आठ वर्षं नोकरी झालेला, नेमबाजीत तुकडीतला पहिला. जुन्या रायफलीने तो डाव्या खांद्यावरून मारायचा आणि कुणाला फरक पडत नव्हता. नवी बंदूक उजव्या खांद्याने मारायची असं मी त्याला बजावलं होतं. पहिल्या सरावात दोन गोळ्या उजवीकडून मारल्या, दोन्ही हुकल्या. तिसऱ्या वेळी सवयीने डावा खांदा लागला. तापलेली पुंगळी जबड्यावर बसली. फोड आला आणि दाढ आठवडाभर ठणकली.

आता या बंदुकीत एक सोय असते. आतला बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता तुकडा, बदलून डावा बसवायचा, डाव्या बाजूच्या बंद फटीवरचं झाकण काढायचं आणि ते उजव्या फटीवर लावायचं. मग पुंगळी डावीकडे पडते. अर्ध्या तासाचं काम. मी साहेबांकडे, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरांकडे परवानगी मागायला गेलो.

"सहातली एकच वेगळी?" साहेबांनी विचारलं. ते कोल्हापूरकडचे, बोलणं मोजकं. "उस्ताद, पाच एका बाजूला उघडतात आणि एक दुसऱ्या बाजूला. हे लक्षात कोण ठेवणार?"

"मी ठेवतो, साहेब."

"लिहून काही चिकटवा तरी."

"माझ्या हातची बंदूक आहे. अंधारात ओळखीन."

त्यांनी सही केली. ती सही मला आठवते आणि हे बोलणं तर शब्दशः आठवतं.

त्या नवरात्रात सहाही जण पोहरादेवीच्या गर्दीच्या बंदोबस्ताला होते. दसऱ्याच्या सकाळी साडेआठला त्यांची गाडी परत आली. अंगावर बुलेटप्रूफ, वर पावसाळी जाकीट, डोळे लाल. बंदोबस्तावरून आलं की शस्त्र खाली, म्हणजे रिकामं, करायची एक पद्धत असते आणि ती रोज तशीच करायची असते. नळी रेतीच्या पेटीकडे करायची. आधी मॅगझिन काढायची. मग बोल्ट मागे ओढून धरायचा. आर्मररने फटीतून चेंबर रिकामं आहे का ते पाहायचं. मग बोल्ट सोडायचा, रेतीकडे तोंड ठेवून खटका दाबायचा आणि सेफ्टी लावायची. खटका दाबायचा तो एवढ्याचसाठी की सगळ्यांच्या डोळ्यांतून काही सुटलंच, तर गोळी रेतीत जाईल. त्यानंतर मोजणी. मोजणी जुळल्याशिवाय बंदूक सोडायची नाही.

त्या दिवशी रेतीच्या पेटीपुढे बायकांनी रांगोळी घातली होती. पेटीलाच आंब्याची पानं आणि झेंडू बांधला होता. तीही आमची शस्त्राचीच वस्तू, तिलाही पूजा हवी. साहेब घड्याळ पाहत उभे होते.

"उस्ताद, पाहुणे साडेनऊला येतायत. बंदुका मांडवात लागल्या पाहिजेत."

"मोजणी व्हायची आहे, साहेब."

"मोजणी नंतर करा. खाली करून घ्या आणि मांडा."

मी नाही म्हणायला हवं होतं. कोताच्या दारात आर्मररचा शब्द शेवटचा असतो, साहेबांनीही तो मोडला नसता. पण सणाचा दिवस, बायका-पोरं आलेली, रांगोळी नुकती घातलेली. मी सहा जणांना मैदानातच ओळीत उभं केलं, नळ्या आभाळाकडे. खटका दाबायचं सोडून दिलं, कारण चुकून आवाज झाला तर लेकरं दचकतील असं मीच म्हणालो. एकेकाच्या उजव्या बाजूला जाऊन फटीत पाहिलं. रिकामं, रिकामं, रिकामं. सहावा दीपक होता. त्याच्याही उजव्या बाजूने पाहिलं. काळं दिसलं. ठीक, म्हणालो.

मॅगझिन पेटीत गोळा झाल्या, बंदुका मांडवात गेल्या, आणि मी वानखडेला घेऊन कोतात मोजायला बसलो.

आता एकोणीसकडे परत येतो.

खिडकीशी उभा राहून मी एकेक बंदूक आठवायला लागलो. पाच बंदुकांच्या चेंबरचं पोलादी कडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सहावीचं आठवेना. काळं आठवत होतं, कडं आठवत नव्हतं. आणि मग लख्खकन कळलं की मी काय पाहिलं होतं. दीपकच्या बंदुकीच्या उजव्या बाजूला फट नाहीच. तिथे झाकण आहे. काळं झाकण. मीच, या हातांनी लावलेलं. रिकाम्या चेंबरऐवजी मी एका प्लास्टिकच्या तुकड्याकडे पाहून ठीक म्हणालो होतो.

बाकीचं मग आपोआप जुळलं. मॅगझिन काखेखाली, वरून पावसाळी जाकीट. रात्रभर जागलेला माणूस. त्याने मॅगझिन काढायच्या आधीच बोल्ट ओढून धरला असणार. साध्या रायफलीत असं होणं कठीण, कारण मॅगझिन डोळ्यांसमोर असते. मी ठीक म्हटल्यावर त्याने बोल्ट सोडला, बोल्टने मॅगझिनमधली वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये नेली, आणि मग त्याने मॅगझिन काढून पेटीत टाकली. मॅगझिन नसलेली, भरलेली बंदूक. दिसायला पूर्ण रिकामी.

ओरडावं असं पहिलं वाटलं. पण ओरडून काय होणार ते मला माहीत होतं. शंभर माणसं एकदम हलतील, टेबलाला धक्का लागेल, कुणी तरी जवान मर्दुमकी दाखवायला बंदूक उचलेल. पळालो तरी तेच.

"वानखडे," मी म्हणालो, "दाराला कुलूप लाव आणि इथेच थांब. कुणालाही काही बोलू नको."

"काय झालं, उस्ताद?"

"थांब म्हटलं ना."

मी निघालो. साठ-सत्तर पावलं. रोज मी ते मैदान विडी पेटवायच्या आत ओलांडायचो. त्या दिवशी एकेक पाऊल मोजत गेलो. चालता चालता मांडव नीट दिसायला लागला. जुन्या लांब रायफली मांडवाच्या कडेला रॅकमध्ये उभ्या होत्या, नळ्या वर. त्या टेबलावर मावत नाहीत म्हणून दरवर्षी उभ्याच असतात. नव्या सहा मात्र आखूड, देखण्या. त्या कुणी तरी हौसेने देवीच्या फोटोभोवती टेबलावर गोल मांडल्या होत्या, कमळाच्या पाकळ्या मांडाव्या तशा, दस्ते फोटोकडे आणि नळ्या बाहेर. टेबलाची उंची माणसाच्या पोटाएवढी. दर्शनाला येणारा प्रत्येक जण टेबलाला फेरी मारत होता, म्हणजे सहाही नळ्यांसमोरून जात होता. एक बाई कडेवरच्या लेकराचा हात धरून त्याच्या बोटाने एकेका नळीला कुंकू लावत होती.

साहेब मांडवाच्या तोंडाशी उभे होते.

"उस्ताद, टोपी कुठे तुमची?"

"साहेब, माणसं टेबलापासून लांब न्या. हसत न्या." मी हळूच म्हणालो. "दीपकच्या बंदुकीत गोळी आहे."

माणूस खमका. एक शब्द विचारला नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, पाहुण्यांना दहा मिनिटं उशीर आहे. तोवर सगळ्यांनी मागच्या बाजूला नाश्ता करून घ्या. आलुबोंडे गरम आहेत, आधी लेकरांना द्या."

रांग मोडली. माणसं हलली, पण लग्नातल्यासारखी, रेंगाळत, एकमेकांना हाका मारत. मी टेबलाकडे सरकत होतो आणि मनात एकेकाला ढकलत होतो. लेकराची बाई गेली. दोन म्हातारे गेले. टेबलापाशी एकच बाई उरली.

ती दीपकची आई, सुमनबाई. मांडवातला सगळा झेंडू तिच्या मळ्यातला होता. पहाटेच्या एसटीने दोन पोती घेऊन ती इंझोरीहून आली होती. लेकाच्या बंदुकीसाठी तिने वेगळा हार केला होता, जाड, मध्ये शेवंती. पण लांब रायफलीला हार नळीवर अडकून राहतो, या आखूड बंदुकीवर तो राहत नव्हता, घसरून खाली येत होता. म्हणून ती हाराचा दोरा बांधत होती. दोरा तिने खटक्याच्या कडीतून, खटक्यावरून घेतला होता आणि मागच्या मुठीला दोन वेढे दिले होते. आता ती गाठ आवळत होती. तोंडाने काही तरी पुटपुटत होती, डोळे अर्धवट मिटलेले. बंदुकीची नळी तिच्या पोटापासून वीतभर लांब होती.

मी सेफ्टीकडे पाहिलं. दांडा फायरवर होता. फोटो काढताना कुणाचा तरी अंगठा लागला असेल. कुणाचा ते आजपर्यंत कळलं नाही.

तिला ओढावं तर दोरा तिच्या हातात. हाक मारावी तर दचकेल आणि दचकलेलं माणूस हातातलं आवळतं. मी बाजूने टेबलावर वाकलो, उजवा हात पुढे केला आणि करंगळी खटक्याच्या मागे घातली. जागा जेमतेम होती. खटका अर्ध्याहून जास्त मागे ओढला गेला होता. दोरा करंगळीत रुतला.

मग मी हळू म्हणालो, "ताई, हात आहेत तसेच राहू द्या."

तिने डोळे उघडले. "काहून भाऊ? चुकलं का माह्यं काई?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. आता दोरा सैल सोडा. ओढू नका, नुसता सोडा."

"हार पडते ना मंग."

"पडू द्या."

माझ्या तोंडाकडे तिने पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. तिने दोन्ही हातांची बोटं एकदम उघडली आणि हात तसेच हवेत धरून ठेवले. दोरा सैल पडला. खटका माझ्या करंगळीवरून पुढे गेला. मी डाव्या अंगठ्याने सेफ्टी लावली, टक्क वाजली.

"आता दोन पावलं तुमच्या उजवीकडे सरका."

ती सरकली. मी हारासकट बंदूक उचलली, नळी आभाळाकडे केली आणि रेतीच्या पेटीकडे निघालो. वाटेत साहेब होते, ते बाजूला झाले. रांगोळी मी पायाने पुसली. त्याची बोलणी नंतर खाल्ली. नळी रेतीकडे करून बोल्ट मागे ओढला. मी सवयीने उजवीकडे पाहत होतो. गोळी डावीकडून निसटली आणि माझ्या बुटापाशी झेंडूच्या पाकळ्यांत पडली. पितळी, चकचकीत, विसावी.

मागे पाहिलं तर सुमनबाई माझ्या पाठोपाठ आली होती. तिने वाकून गोळी पाहिली, हात लावला नाही.

"हे आतमंदी होतं?"

"हो."

"म्या बांधून राह्यली होती तवा?"

"हो."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आलुबोंड्याची प्लेट हातात घेऊन दीपक आला. आईला तशी बसलेली पाहून त्याने प्लेट खाली ठेवली.

"उस्ताद, काय झालं? आईले चक्कर आली का?"

मी गोळी त्याच्यापुढे धरली. तो गोळीकडे पाहत राहिला, मग बंदुकीकडे.

"म्या मॅगझिन काढली होती," तो म्हणाला. "देवीची आन. काढली होती."

"बोल्ट ओढायच्या आधी का नंतर?"

त्याचा हात आपोआप काखेखाली गेला, मॅगझिन असते तिथे. आठवून पाहत होता. मग तो आईशेजारी मातीत बसला.

"आईच होती समोर," तो म्हणाला. एवढंच दोन-तीनदा म्हणाला.

सुमनबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वर पाहिलं. "भाऊ, याचं नाव लिवान का तुमी?"

"लिहीन. माझ्या नावाच्या खाली."

पाहुणे आले, पूजा झाली, मांडवात कुणाला काही कळलं नाही. टेबलावर पाचच बंदुका का, हे कुणी विचारलंही नाही. दुपारी साहेबांच्या खोलीत मी रिपोर्ट लिहिला. मोजणीआधी बंदुका सोडल्या, हे लिहिलं. खटका दाबू दिला नाही, हेही लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "चेंबर न पाहता झाकण पाहिले." साहेबांनी वाचलं. मी वाट पाहत होतो की आता ते म्हणतील, लक्षात कोण ठेवणार होतं? ते म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतः पेन घेऊन खाली एक ओळ वाढवली, "मोजणी नंतर करण्यास मी सांगितले," आणि सही केली. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

चौकशी झाली. साहेबांवर ठपका ठेवला गेला. दीपकला महिनाभर रोज सकाळी पन्नास वेळा शस्त्र खाली करायची ड्रिल लागली. माझ्याकडून कोताची किल्ली गेली. निवृत्तीला सात महिने राहिले होते, ते मी स्टोअरमध्ये तंबू मोजत काढले. किल्ली जायला हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दीपक मात्र एकदा स्टोअरमध्ये येऊन म्हणाला, "उस्ताद, ते बंदूक परत उजवी करून टाका. मले नाई पायजे डावी." मी त्याला हाकलून लावलं. बंदुकीने काही केलं नव्हतं. तिच्या खटक्याला मी गचाळ म्हणून नावं ठेवली होती; तो जड, गचाळ खटका होता म्हणूनच दोरा अर्ध्यावर अडला. तोट्यांच्या यादीतली ती ओळ मी मनातल्या मनात अजून खोडलेली नाही, पण तिच्यासमोर एक खूण केली आहे.

लोक अजून विचारतात, बुलपप चांगली का वाईट? चांगली आहे. फक्त तिला सांभाळणाऱ्याने जुनी सवय घरी ठेवून यावी. माझी सवय उजवीकडून पाहायची होती. मी बंदूक बदलली आणि मान तशीच ठेवली.

पुढच्या दसऱ्याला साहेबांनी मला निवृत्त माणूस म्हणून बोलावलं. मोजणी आधी झाली होती. सहाही बुलपप रॅकमध्ये उभ्या होत्या, नळ्या वर, आणि दीपकच्या बंदुकीच्या दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा रंगवलेला होता. टेबलावर नुसता फोटो. मला शस्त्राला हात लावायचा हक्क उरला नव्हता, तरी बंदुका मांडवात नेण्याआधी वानखडेने कोताच्या दारात मला उभं केलं आणि एकेक बंदूक माझ्यापुढे उघडून धरली. मी प्रत्येक चेंबरमध्ये करंगळी घालून पाहिलं.

सुमनबाई आली होती. हार आणला होता, पण या वेळी दोरा न बांधता नुसता वाहायचा म्हणून लहान केला होता. रॅकपाशी ती थांबली. मी खुर्चीवर बसलो होतो, तिथे माझ्याकडे वळली.

"भाऊ, पाह्यली का?"

"पाहिली."

"दोन्हीकून?"

"हो, दोन्हीकडून."

ती मान हलवून होय म्हणाली, पण हार हातातच ठेवून उभी राहिली. पुढे काही जाईना. मागे रांग खोळंबली. मग मी खुर्चीवरून उठलो, वानखडेला हाक मारली, आणि बंदूक परत पाहून दाखवली.